दिवाळी झाल्यावर सांगते

विक्रोळीची_वेणू | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:४०

मी एरवी पाककृती विभागात पडीक असते, त्यामुळे विषय बघून दचकू नका. हे लिहायला दुसरी जागा सुचली नाही.

आम्ही कन्नमवार नगरात राहतो. मी ४५, नवरा ४८, चिरंजीव ११ आणि सासूबाई. मोठं मूल दत्तक घ्यायचं असं दोन वर्षांपासून घरात चाललं होतं. बाळ नकोच होतं, रात्रीची जागरणं एकदा झाली तेवढी पुरे. कारा म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी केली, कागदपत्रं चढवली, सोशल वर्कर घरी येऊन होम स्टडी करून गेल्या. त्यांनी चिरंजीवांना वेगळं बसवून विचारलं, "ताई आली तर तुझं काय बदलेल?" साहेब म्हणाले, "रिमोट." अहवालात काय लिहिलं देव जाणे, पण पास झालो.

७ तारखेला आम्ही १३ वर्षांच्या एका मुलीची प्रोफाइल रिझर्व्ह केली. ठरवायला ४८ तास मिळतात. त्यानंतर भेट, दत्तक समिती, मुलीची स्वतःची संमती, हे सगळं ३० दिवसांत व्हायचं असतं. काल शनिवारी भेटून आलो. नाव, जिल्हा लिहीत नाही. चिरंजीव न बघताच तिला ताई म्हणायला लागलेत, तर इथेही ताईच.

भेट जेमतेम ४० मिनिटांची. मी रात्री पाठ केलेलं सगळं विसरले आणि "जेवलीस का?" एवढंच विचारलं. तिने आम्हाला दोन प्रश्न विचारले. एक, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" दुसरा, "मला बघून ठरवणार, का ठरवून बघायला आलात?" नवऱ्याने पाण्याचं उत्तर दिलं. दुसऱ्याला आम्ही दोघंही गप्प. शेवटी तिथल्या मॅडमनी तिला विचारलं, तुला काय वाटतं? तिने वेणीची रिबीन सोडली, परत घट्ट बांधली आणि म्हणाली, "दिवाळी झाल्यावर सांगते."

आता प्रश्न असा की या दिवाळीचं आम्ही काय करायचं? सासूबाईंनी परकर-पोलक्याचं कापड आणलंय (तेरा वर्षांच्या मुलीला!). नवरा म्हणतो, लालबागच्या चिवडा गल्लीतून दहा किलो चिवडा घेऊ आणि संस्थेतल्या सगळ्या मुलींना पाठवू. मला काहीच न करता बसवत नाही आणि काही करायला हात धजत नाही. अनुभवी मंडळींनी सांगा.

---

मुलुंडचे_आजोबा | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

उत्तम निर्णय. आशीर्वाद. चिवडा अवश्य पाठवा, सोबत अनारसेही. मुलं खूश होतात.

---

दोन_नंबरची_फास्ट | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:२२

वाचून डोळ्यांत पाणी आलं, तेही घाटकोपरच्या गर्दीत. एक सुचवते, तिला दिवाळीचे चार दिवस घरी घेऊन या ना! घर बघेल, माणसं बघेल, मग ठरवेल. बालगृहात तरी काय दिवाळी असणार बिचारीची.

---

केसफाइल | १३ ऑक्टोबर, दुपारी १:१५

याच क्षेत्रात नोकरी करते, म्हणून घाईघाईने लिहितेय. चार दिवस पाहुणी म्हणून आणणं नियमात बसत नाही, आणि बसत नाही तेच बरं. चार दिवसांनी परत सोडायची वेळ आली तर ते कोण समजावणार तिला? समितीचा होकार, तुमचा होकार, तिचा होकार, एवढं झालं की ती प्री-अ‍ॅडॉप्शन फोस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तकाच्या हुकुमाआधीच्या सांभाळात, तुमच्या घरी येऊ शकते. अंतिम हुकूम नंतर होतो. बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे तो आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी कोणीतरी घरी येऊन विचारपूस करून जाईल, त्याचा बाऊ करू नका.

नाव, जिल्हा लिहिलं नाहीत ते योग्य केलंत. फोटोही कुठे टाकू नका, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

---

रोखठोक_परळ | १३ ऑक्टोबर, दुपारी ४:४८

वाईट वाटून घेऊ नका, पण कोणीतरी बोललं पाहिजे. तेरा म्हणजे घडलेलं मूल. ओल्या मातीला आकार देता येतो, भाजलेल्या मडक्याला नाही. घरात ११ वर्षांचा मुलगा आहे, त्याचा विचार केलात का? शिवाय आमच्या ओळखीचे वकील म्हणतात, १५ नंतर दत्तक होतच नाही. कागदपत्रांत वर्ष-दीड वर्ष गेलं तर बसाल हात चोळत. आणि तुमची वयं?

---

केसफाइल | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ७:३०

@रोखठोक, वकीलसाहेब १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याबद्दल बोलतायत. त्यात १५ ची अट आहे. वेणूताई ज्या मार्गाने चालल्यात तो २०१५ चा बाल न्याय कायदा, तिथे १८ पूर्ण होईपर्यंत दत्तक घेता येतं. ८ ते १८ वयोगटातल्या मुलासाठी नवराबायकोच्या वयांची बेरीज ११० पर्यंत चालते. यांची होते ९३. मूल आणि आईवडील यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं, तेही आहे. हुकूम झाला की वारसाहक्कासकट सगळे हक्क पोटच्या मुलासारखे.

बाकी, लहान निरोगी बाळासाठी लोक साडेतीन-साडेतीन वर्षं रांगेत असतात आणि मोठ्या मुलांच्या प्रोफाइली तशाच पडून राहतात. २०२४ च्या नोव्हेंबरात काराने जो दत्तक जागृती महिना केला, त्याचा विषयच मोठ्या मुलांचं पुनर्वसन हा होता. मडक्याचं म्हणाल तर मडकं भाजल्यावरच पाणी धरतं.

---

रोखठोक_परळ | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ७:४४

शेवटच्या वाक्याला टाळ्या. बाकी मुद्द्यावर मी ठाम.

---

अकराव्या_वर्षी | १४ ऑक्टोबर, रात्री १२:५०

खूप वर्षं इथे नुसतीच वाचते. पहिल्यांदा लिहितेय.

मी अकराव्या वर्षी दत्तक गेले, आता ३४ ची आहे. आमच्या वेळी पोर्टल वगैरे नव्हतं, त्यातलं मला काही कळत नाही. मी फक्त चिवड्याबद्दल बोलणार.

संस्थेत दिवाळी नसते असं वर कोणीतरी लिहिलंय. अहो, दिवाळीच असते! वसुबारसेपासून गाड्या सुरू. सकाळी कुठलातरी क्लब, दुपारी बँकेचा स्टाफ, संध्याकाळी कोणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ. दर वेळी आम्ही उंचीप्रमाणे रांगेत, बारक्या पुढे, मोठ्या मागे. गाणं म्हणायचं, डबा घ्यायचा, थँक्यू म्हणायचं, फोटो. एका दिवाळीत तेच स्वागतगीत मी एका दिवसात सहा वेळा म्हटलंय. शेवटच्या वेळी तर पाहुण्यांच्या मागच्या भिंतीवरची पाल बघत म्हटलं. लाडू इतके साठायचे की मावशी ते कुस्करून न्याहारीला दुधात द्यायच्या. आणि जानेवारीत कुत्रं फिरकायचं नाही.

तुमचा दहा किलो चिवडा त्या रांगेत जाऊन बसणार, वेणूताई. ती डबा घेईल, छान हसेल, थँक्यू म्हणेल. आमच्या डोक्यात थँक्यू म्हणायची माणसं वेगळी असतात. ती परत जातात.

मला आईने (तेव्हा काकू) एक पत्र पाठवलं होतं. प्रेमाबिमाचं एक अक्षर नाही. घराचा नकाशा काढला होता, पेनाने, जरा वाकडाच. मोरी कुठे, संडास कुठे, रात्री कुठला दिवा चालू असतो, कुठल्या दाराची कडी वाजते. मी तो नकाशा पाठ केला होता. पहिल्या रात्री कोणाला न उठवता अंधारात बरोबर जाऊन आले. आईला ती गोष्ट मी लग्न ठरल्यावर सांगितली.

तर नकाशा पाठवा. आणि पाण्याची वेळ नीट लिहा. तिने उगाच नाही विचारलं.

---

मुलुंडचे_आजोबा | १४ ऑक्टोबर, सकाळी ५:५८

अनारसे मागे घेतो. दर दिवाळीला एका संस्थेत मी स्वतः डबे वाटतो, फोटोही काढतो. यंदा जानेवारीत जाईन.

---

केसफाइल | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

पत्र संस्थेच्या सोशल वर्करमार्फतच पाठवा, त्या आधी वाचतील, तसं करणं त्यांचं कामच आहे. "तू आलीस की" असं एकही वाक्य नको. तिने अजून हो म्हटलेलं नाही.

---

घोडबंदर_ट्रॅफिक | १४ ऑक्टोबर, रात्री १०:३५

उशीर झाला, नाव वाचून कारण कळेलच.

आमचा मुलगा चौदाव्या वर्षी आला, आता कॉलेजात आहे. सगळं गोड-गोड नव्हतं. पहिले दोन महिने तो पाहुण्यासारखा शहाणा. ताट स्वतः घासणार, आवाज नाही, हट्ट नाही. नातेवाईक म्हणायचे, काय नशीब काढलंत! तिसऱ्या महिन्यात दारं आपटायला लागला. तेव्हा आमच्या समुपदेशक म्हणाल्या, अभिनंदन, आता त्याला घर वाटायला लागलंय. मला तेव्हा त्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं होतं.

दोन कामाच्या गोष्टी सांगतो. एक कपाट किंवा निदान एक खण तिचा स्वतःचा हवा, कुलपाचा. किल्ली एकच आणि ती तिच्याकडे. डुप्लिकेट करून ठेवू नका, त्यांना कळतं. दुसरी, "आई म्हण" असं कोणी, विशेषतः आजी, म्हणणार नाही याची काळजी घ्या. आमच्याने बायकोला वर्षभर "अहो" म्हटलं. मला काहीच म्हणायचा नाही, समोर येऊन उभा राहायचा.

---

विक्रोळीची_वेणू | १६ ऑक्टोबर, रात्री ११:१५

चिवडा रद्द. नवरा जरा खट्टू झाला, मग घरासाठी दोन किलो घेऊन आलाच.

नकाशा चिरंजीवांनी काढला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी काढायला त्याला तीन तास लागले, कारण त्याला सगळंच महत्त्वाचं वाटत होतं. "ही फरशी हलते." "इथे बाबा घोरतात." "हा प्लग चालतो पण दाबून धरावा लागतो." गॅलरीत कंदील दाखवलाय, माहीमच्या कंदील गल्लीतून आणलेला, त्याच्या शेपट्यासुद्धा मोजून बारा. पाणी पहाटे साडेचार ते सात, हे लाल पेनाने. खाली मी चार ओळी लिहिल्या आणि तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं: "मोठं मूल घरात हवं हे आधी ठरवलं होतं. तू, हे तुझी प्रोफाइल वाचून ठरवलं. भेटल्यावर मत बदललेलं नाही. तुझं काय व्हायचं ते होऊ दे." सोशल वर्करनी काही खोडलं नाही.

कुलूपही आणलं. छोटं, पितळी. किल्ल्या दोन निघाल्या हो! दुसरीचं काय करायचं यावर घरात चर्चा झाली. शेवटी दोन्ही एकाच दोऱ्यात ओवल्यात.

---

विक्रोळीची_वेणू | २१ ऑक्टोबर, रात्री ११:५५

आज भडास काढायला आलेय.

काल पहिली आंघोळ छान झाली. उटणं, मोती साबण, सगळं यथासांग. चिरंजीवांनी अंगठ्याने कारीट फोडलं आणि एक जपून ठेवलं, का ते सांगितलं नाही. आज लक्ष्मीपूजनाला शेजारच्या काकू ओटीचं सामान घेऊन हजर, "मुलगी आली का?" मागोमाग वरच्या मजल्यावरच्या आल्या, त्यांच्या नातीचे जुने फ्रॉक घेऊन. सासूबाईंनी अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय की पाडव्याला नात येतेय!

मी बोलले त्यांना, चांगलंच बोलले. ऐन लक्ष्मीपूजनाला. त्या काही बोलल्या नाहीत, करंज्यांचा डबा पुसत बसल्या. रात्री कळलं की परकर-पोलकं शिवूनही झालंय. अंदाजाने शिवलंय आणि शिवणीत दोन्हीकडे दोन-दोन बोटं माया सोडलीय, "केवढी आहे कोण जाणे" म्हणून.

आता मलाच रडू येतंय.

---

घोडबंदर_ट्रॅफिक | २२ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

शुभ पाडवा. सासूबाईंवर रागावू नका, त्याही वाटच बघतायत, फक्त मोठ्या आवाजात. काकूंना सांगा, "ठरलं की मीच पेढे आणेन." एवढं वाक्य आम्हाला आठ महिने पुरलं. फ्रॉक मात्र परत करा. जुने कपडे ती आयुष्यभर वापरत आली असणार.

---

अकराव्या_वर्षी | २२ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

पोलकं ठेवून द्या. घालणार नाही ती, पण माया सोडलीय हे तिला कधीतरी दिसू दे.

---

विक्रोळीची_वेणू | २३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

भाऊबीज. चिरंजीवांना आत्तेबहिणीने ओवाळलं. त्याने ओवाळणीच्या पाकिटातले शंभर बाजूला काढून त्या कारिटाजवळ ठेवलेत. मी विचारत नाही.

संध्याकाळी संस्थेतल्या मॅडमचा फोन होता, कागदपत्रांबद्दल. बोलता बोलता कळलं, दिवाळीनंतर का ते. १८ पूर्ण झाल्यावर बाहेर पडलेल्या मुली भाऊबीजेला तिथे माहेरपणाला येतात. कोणी नर्स झालीय, कोणी लग्न होऊन गेलीय. आमच्या ताईला जिने वेणी घालायला शिकवलं ती मोठी मुलगी आज येणार होती. तिला विचारल्याशिवाय ही कोणालाच काही सांगणार नव्हती.

आणि आम्ही इथे दहा दिवस डोकं खाजवत होतो की आपलं काय चुकलं.

---

केसफाइल | २४ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

बाहेर पडलेल्या मुली व्यवहाराचं बोलतात, तयारीत राहा. १८ नंतर २१ पर्यंत राहायला अनुरक्षण गृहाची सोय असते. राज्यात २०१८ पासून अनाथांना १ टक्का आरक्षण आहे. मोठ्या मुलींना हे सगळं पाठ असतं. दत्तक गेले तर त्याचं काय, असं तिने विचारलं तर भावनेवर नेऊ नका आणि अंदाजाने उत्तरही देऊ नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून लेखी घ्या आणि तो कागद तिच्यासमोर ठेवा.

---

रोखठोक_परळ | २४ ऑक्टोबर, दुपारी ३:०२

तेरा वर्षांची पोरगी सल्लागार नेमून निर्णय घेतेय. माझा मुलगा एकोणिसाचा आहे, त्याला बूट निवडता येत नाहीत. मी बाजू बदलतोय असं समजू नका, फक्त नोंद करतोय.

---

विक्रोळीची_वेणू | २६ ऑक्टोबर, रात्री १०:००

आज रविवारचा फोन. पाच मिनिटं. तिने आरक्षणाचं खरोखरच विचारलं! @केसफाइल, तुमच्या तोंडात साखर. सोमवारी कक्षात अर्ज देतेय, लेखी उत्तर येईल तसं तिला पाठवेन म्हटलं. ती म्हणाली, "बरं." मग थोडं थांबून, "ती फरशी कुठली हलते, स्वयंपाकघरातली का?"

स्वयंपाकघरातली नाही, बाहेरच्या खोलीतली. चिरंजीवांनी फोन ओढून घेतला आणि फरशीवर उभं राहून ती वाजवून दाखवली.

---

दोन_नंबरची_फास्ट | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:१८

आज परत रडवलंत. लोक मला जागा द्यायला लागलेत.

---

विक्रोळीची_वेणू | २ नोव्हेंबर, रात्री ११:२०

आज तुळशीचं लग्न लागलं. बिल्डिंगमधले बाकीचे कंदील उतरायला लागलेत. आमचा आहे. चिरंजीव म्हणतात, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत परवानगी आहे. यंदा ती ५ तारखेला. आमचे ३० दिवस भरतायत ६ ला. त्याने हा हिशोब केला होता हे मला आज कळलं.

दुपारी फोन झाला. कक्षाचा कागद तिला मिळालाय, तिने तो त्या मोठ्या मुलीला वाचून दाखवला म्हणे. आज हो-नाही असं काहीच बोलली नाही. विचारलं ते एवढंच, "तिकडे शाळा मराठी आहे का? आणि मला आठवीतच बसवतील ना, परत सातवीत नाही?"

तर धाग्याचा विषय बदलतेय. विक्रोळी, कांजूर, भांडुप पट्ट्यात मराठी माध्यमाची, मुली बऱ्यापैकी असलेली शाळा कोणती? दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीत प्रवेश देतील का? दाखला दुसऱ्या जिल्ह्यातून यायला वेळ लागेल.

---

केसफाइल | २ नोव्हेंबर, रात्री ११:४१

दाखल्यासाठी अडवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५: दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश लांबवायचा नाही, नाकारायचा नाही. प्रत काढून बरोबर न्या, मुख्याध्यापकांना नम्रपणे दाखवा. परवा समितीसमोर बसाल तेव्हा शाळेचं नाव हातात असू दे.

---

रोखठोक_परळ | २ नोव्हेंबर, रात्री ११:५८

माझी बहीण भांडुपला मराठी शाळेत शिक्षिका आहे. आठवीचाच वर्ग. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो, उद्या सकाळी दहाच्या आत फोन करा, नंतर तास असतो.

---

विक्रोळीची_वेणू | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

केला. बाकावर जागा आहे म्हणाल्या, खिडकीजवळ. पाण्याची बाटली घरूनच आणायची.